वेशभूषेआडचा माणूस टिपताना

अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटात दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस एक नगरी उभी राहते आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटला की ती मोडून टाकली जाते. ‘बर्निंग मॅन’ या कलामहोत्सवाची छायाचित्रे आपल्याकडील वाचकांनीही पाहिलेली असतात : अजस्र लाकडी शिल्पे, ज्वाळा ओकणारी वाहने, पिसांचे मुकुट, धुळीपासून बचाव करणारे गॉगल. अशी छायाचित्रे टिपणे फारसे अवघड नाही. तेथे कॅमेरा कोठेही रोखला तरी काहीतरी नेत्रदीपक सापडतेच. अवघड आहे ते त्या गर्दीतील साध्या माणसाचा चेहरा तो जसा आहे तसा, कोणताही आविर्भाव नसताना टिपणे. आणि टिपल्यानंतर त्या चेहऱ्यावर आपला अधिकार किती, हे ठरवणे.

या महोत्सवाचा आरंभ अगदी लहानसा होता. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी मित्रमंडळींसह लाकडाचा एक मानवाकृती पुतळा जाळला. १९९० पासून हा सोहळा वाळवंटात होऊ लागला आणि आता तेथे सुमारे ७०,००० माणसे जमतात. त्यांत अभियंते, शिक्षक, परिचारिका, सुतार असे सर्वच असतात. मात्र आठवडाभर प्रत्येकाच्या अंगावर निवडून घेतलेला वेश असतो. हार्वी यांनी २००४ साली लिहिलेल्या दहा तत्त्वांपैकी एक तत्त्व सहभागाचे आहे : येथे कोणी नुसता प्रेक्षक असू नये. कॅमेरा डोळ्याला लावून उभा असलेला माणूस या कसोटीवर लगेच संशयास्पद ठरतो.

शिवाय कॅमेरा दिसताच वेशधारी माणूस पवित्रा घेतो. हात पसरतो, जीभ काढतो. हे व्यक्तिचित्र नव्हे, वेशभूषेची नोंद झाली. म्हणून अनुभवी छायाचित्रकार भव्य शिल्पांपासून दूर, कामाच्या जागी थांबतात : सायकलची साखळी बसवणारा, बर्फाच्या रांगेत पेंगणारी तरुणी, तंबूची दोरी पुन्हा आवळणारे वृद्ध जोडपे. हात कामात गुंतले की चेहरा मोकळा होतो. दुसरा मार्ग याहून सोपा आणि बहुधा अधिक फलदायी असतो. एखाद्या छावणीत दोन दिवस स्वयंपाकाला किंवा उभारणीला हातभार लावावा. तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रकाशाच्या दृष्टीने ही भूमी विलक्षण उदार आहे. आटलेल्या प्राचीन सरोवराचा हा सपाट, फिकट पांढरा तळ ऊन परावर्तित करतो. त्यामुळे हॅटखाली आणि भुवयांखाली साचणारी सावली खालून उजळते. पण हाच पांढरेपणा कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवतो. दृश्य फार उजळ आहे असे समजून तो प्रकाश कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी एक स्टॉप प्रकाश वाढवून घ्यावा लागतो. धुळीचे वादळ आले की सूर्य मलमलीच्या पडद्याआड गेल्यासारखा होतो, पार्श्वभूमी पुसली जाते आणि समोरचा माणूस एकटा उरतो. व्यक्तिचित्रासाठी याहून चांगली घडी नाही. मात्र ती धूळ क्षारयुक्त आणि पिठासारखी बारीक असते. तेथे लेन्स बदलणे म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ ओढवून घेणे. एक कॅमेरा, त्यावर कायमची बसवलेली ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकच लेन्स, एवढ्यावरच पुष्कळ जण भागवतात.

अधिकाराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. सार्वजनिक रस्त्यावर टिपलेल्या चेहऱ्याबाबत अमेरिकी कायदा छायाचित्रकाराला बरीच मोकळीक देतो. फिलिप-लोर्का डिकोर्सिया यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये वाटसरूंचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले होते. त्यांपैकी एका वृद्ध गृहस्थाने दावा लावला. २००६ साली न्यायालयाने ही छायाचित्रे कला मानून निकाल छायाचित्रकाराच्या बाजूने दिला. बर्निंग मॅन मात्र सरकारी जमिनीवर भरत असला तरी तेथे तिकिटाने प्रवेश मिळतो आणि तिकिटासोबत अटी येतात. छायाचित्रांचा व्यापारी वापर परवानगीवाचून करता येत नाही, आणि कोणाचे व्यक्तिचित्र घेण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी अशी अपेक्षा असते. याच अटींतून आयोजकांना छायाचित्रांवर मिळणाऱ्या हक्कांबद्दल २००९ साली ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ने कठोर टीका केली होती. ती टीका रास्तच होती. पण या अटींमागे एक खरी भीतीही आहे : तेथे अर्धनग्न नाचणारी व्यक्ती सोमवारनंतर एखाद्या शाळेत शिकवायला उभी राहणार असते.

आधी विचारले तर सहजता जाते, न विचारता टिपले तर विश्वास जातो. व्यवहारात यावर तोडगा निघतो. आधी टिपून लगेच जवळ जावे, चित्र दाखवावे, नको म्हटल्यास तेथेच पुसून टाकावे. किंवा आधी विचारावे, पवित्र्याचे पहिले चित्र घेऊन द्यावे आणि कॅमेरा खाली न ठेवता गप्पा मारीत राहावे; पवित्रा मिनिटभरात गळून पडतो. पैशाऐवजी भेटी देण्याची प्रथा असलेल्या या नगरीत काही जण झटपट छापणारा कॅमेरा बाळगतात आणि चित्र तेथल्या तेथे त्याच्या धन्याच्या हाती ठेवतात. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेली ‘मायग्रंट मदर’ जगप्रसिद्ध झाली. त्यातील स्त्रीचे, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांचे, नाव जगाला १९७८ साली कळले. आपल्याला त्यातून एक छदामही मिळाला नाही, अशी खंत त्यांनी तेव्हा बोलून दाखवली.

महोत्सवातील सर्वांत नाजूक जागा म्हणजे तेथील मंदिर. डेव्हिड बेस्ट यांनी २००० साली पहिले मंदिर उभारले, तेव्हापासून लोक त्याच्या लाकडी भिंतींवर आपल्या मृतांची नावे लिहितात, त्यांची छायाचित्रे आणि पत्रे तेथे ठेवतात. वेशभूषेची मातब्बरी येथे संपते. चमकत्या कपड्यांतला माणूस भिंतीला कपाळ टेकून रडताना दिसतो. साधा, अनावृत चेहरा शोधणाऱ्याला हवे ते सारे येथे हाताशी असते, आणि येथेच बहुतेक जाणकार कॅमेरा पिशवीत ठेवतात. काही जण पाठमोरी आकृती, भिंतीवर टेकलेला हात, हातातली लेखणी एवढेच टिपतात. अखेरच्या रात्री मंदिर पेटवले जाते, तेव्हा हजारो माणसे त्याच्याभोवती शांत बसून असतात.