मांजराची शिंक आणि पाव गोळी

"दोन दिवस शिंकतेय, म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी दुधातून दिली." मांजर पाळणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य सारखं ऐकू येतं आणि दर वेळी काळजात धस्स होतं. लहान मुलांना चालतं ते मांजरालाही चालेल, फक्त मात्रा कमी करायची, ही समजूत साफ चुकीची आहे. मांजरासाठी पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्राच नाही.

हिशेब करून पाहा. साधी गोळी 500 मिलिग्रॅमची, म्हणजे पाव तुकडा 125 मिलिग्रॅमचा. चार किलोच्या मांजराला तो किलोमागे 31 मिलिग्रॅम पडतो. किलोमागे 10 मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय साहित्यात आहेत! आपलं यकृत हे औषध निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. त्यासाठी लागणारं विकर मांजरात फारच कमी असतं. मग औषधापासून तयार होणारं विष तांबड्या पेशींवर हल्ला करतं, हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं आणि रक्ताला प्राणवायू पोचवता येत नाही. काही तासांतच गुलाबी हिरड्या मातकट किंवा निळसर दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ती धाप सर्दीचीच समजून आणखी एक तुकडा दिला, तर संपलंच. गोळी पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा; काय, किती आणि कधी दिलं ते स्पष्ट सांगा. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

मुळात शिंकेवर तापाची गोळी कशासाठी? मांजराच्या सर्दीमागे बहुतेकदा हर्पिस किंवा कॅलिसी हे विषाणू असतात. हर्पिसमध्ये डोळे लाल होऊन गळतात, कॅलिसीत जिभेवर व्रण दिसतात. हर्पिस एकदा शिरला की मज्जातंतूंत जन्मभर दबा धरून बसतो. घर बदललं, नवं मांजर आलं की पुन्हा डोकं वर काढतो. हे विषाणू माणसाला लागत नाहीत, तेव्हा मांजराला बाल्कनीत कोंडू नका.

या विषाणूंविरुद्धची ट्रायकॅट लस घेतलेलं मांजरही शिंकू शकतं. लस आजार सौम्य करते, म्हणून ती द्यायचीच. छातीला चोळायचे बाम, कापूर, निलगिरी तेल मांजराजवळही नेऊ नका. अँटिबायोटिक लगेच हवंच असंही नाही: नाकातून नुसतं पाणी येतंय, मांजर खातंय, ताप नाही, तर दहा दिवसांपर्यंत नजर ठेवावी, असं पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2017 मध्ये सुचवलं आहे. आणि ते सुरू करायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला नाही.

घरी करायचं ते सोपं आहे. ओल्या कापसाने नाक-डोळे पुसा. अगरबत्ती आणि मच्छरची कॉईल बंद करा, धूळ उडवणारी लिटर बदला. नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वास आला नाही की मांजर जेवणाकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून ओलं खाणं कोमट करून द्या. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतू शकतं. तोंड उघडून श्वास घेत असेल तर तडक दवाखाना. एकाच नाकपुडीतून पू किंवा रक्त येत असेल तर नाकात अडकलेलं गवताचं पातं, गाठ किंवा वरच्या सुळ्याच्या मुळाशी झालेलं गळू, यांपैकी काहीही असू शकतं. त्यासाठी दात आणि नाक नीट तपासून घ्यावं लागतं.