‘फ्राबाटो’ : चरित्र, कादंबरी आणि सांगणाऱ्याचा प्रश्न

एखाद्या व्यक्तीच्या जीवनाची हकीकत चरित्र म्हणून सांगावयाची की कादंबरी म्हणून, हा प्रश्न वरवर पाहता केवळ साहित्यप्रकाराचा वाटतो. वस्तुतः तो भाषेचाही प्रश्न आहे. चरित्रातील प्रत्येक विधानामागे ‘हे कोणी सांगितले?’ या प्रश्नाचे उत्तर असावे लागते. कादंबरीतील विधानास त्या उत्तराची गरज नसते. या दोहोंची सरमिसळ झाली म्हणजे काय घडते, याचे बोधप्रद उदाहरण म्हणून ‘फ्राबाटो’ या जर्मन पुस्तकाकडे पाहता येते. डीटर रुगेबेर्ग यांनी ते १९७९ मध्ये वुपर्टाल येथून प्रसिद्ध केले. लेखक म्हणून त्यावर फ्रांझ बार्डोन यांचे नाव आहे. पुस्तकाचा नायकही बार्डोनच आहेत. पुस्तकाची जात मात्र ‘कादंबरी’ अशी सांगितलेली आहे. ते प्रसिद्ध झाले तेव्हा बार्डोन यांच्या मृत्यूला एकवीस वर्षे लोटली होती.

१

बार्डोन यांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी, त्या वेळच्या ऑस्ट्रियन सायलीशियातील ट्रोपाउ या नगराला लागून असलेल्या एका गावी झाला. ट्रोपाउचेच चेक नाव ओपावा. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात त्यांनी जर्मनीत रंगमंचावर संमोहन, परचित्तज्ञान इत्यादींचे प्रयोग केले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते ओपावा येथे वनस्पतींच्या औषधांनी रुग्णांवर उपचार करीत. १९५६ व १९५७ या दोन वर्षांत त्यांचे तीन ग्रंथ जर्मन भाषेत फ्रायबुर्ग येथून निघाले : पहिला साधनामार्गावर, दुसरा सूक्ष्म लोकांतील शक्तींच्या आवाहनावर आणि तिसरा ‘कब्बाला’वर, म्हणजे वर्णांच्या गूढ सामर्थ्यावर. १९५८ च्या मार्चमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या साम्यवादी राजवटीने त्यांना अटक केली, आणि त्याच वर्षी १० जुलै रोजी ब्रनो येथील तुरुंगाच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते.

हे तीन ग्रंथ युरोपातील हर्मेटिक परंपरेत मोडतात. हर्मीस त्रिस्मेगिस्तुस, म्हणजे ‘तीनदा थोर हर्मीस’, या पौराणिक ऋषितुल्य पुरुषाच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांपासून ही परंपरा आपला उगम सांगते. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ या मराठी वचनात जो विचार आहे, त्याच्याशी जुळणारा विचार या परंपरेच्या मुळाशी आहे. बार्डोन यांच्या पहिल्या ग्रंथात तर पंचमहाभूतांची आकाश, तेज, वायू, आप आणि पृथ्वी ही संस्कृत नावेही येतात. युरोपातील गूढविद्येने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतीय संज्ञा उचलल्या, त्याचीच ही खूण होय.

२

‘फ्राबाटो’ हे बार्डोन यांचे रंगमंचावरील नाव. ते चार तुकड्यांचे बनलेले आहे : फ्रांझमधील ‘फ्रा’, बार्डोनमधील ‘बा’, ट्रोपाउमधील ‘ट’ आणि ओपावामधील ‘ओ’. यातील पहिले दोन तुकडे व्यक्तीचे आहेत, उरलेले दोन गावाचे. विशेष हे की गाव एकच असून त्याचे नाव मात्र दोनदा घेतलेले आहे, एकदा जर्मन भाषेत आणि एकदा चेक भाषेत.

ही निवड सहज झालेली असो वा हेतुपूर्वक, तिच्यात सायलीशियाचा एक मोठा इतिहास साठलेला आहे. १९१८ पर्यंत हे नगर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. पुढे ते चेकोस्लोव्हाकियात आले. १९३८ मध्ये म्यूनिक करारानंतर जर्मनीने ते घेतले, आणि १९४५ नंतर तेथील जर्मनभाषक रहिवाशांना मोठ्या संख्येने देश सोडावा लागला. ज्या नगराला दोन नावे होती त्याला यानंतर व्यवहारात एकच उरले. ‘फ्राबाटो’ या शब्दात मात्र ती दोन्ही नावे शेजारी-शेजारी नांदत राहिली.

तिसऱ्या ग्रंथाचीही गोष्ट अशीच आहे. विश्वाच्या घडणीतील मूळ वर्ण म्हणून त्यात जी अक्षरे सांगितली आहेत, त्यांपैकी प्रत्येकाला रंग, स्वर, तत्त्व व शरीरातील स्थान नेमून दिलेले आहे. ही वर्णमाला वैश्विक असल्याचा दावा आहे. परंतु तिच्यात ‘श’ या ध्वनीसाठी तीन रोमन अक्षरांचा जो जोड येतो तो जर्मन लेखनपद्धतीतला आहे, आणि डोक्यावर दोन टिंबे असलेले जर्मन स्वरही तिच्यात आहेत. सांगणारा स्वतःला कितीही दूर ठेवो, त्याची भाषा त्याला पूर्णपणे लपू देत नाही.

३

आता कादंबरीकडे वळावयाचे. तिचा आरंभ ड्रेस्डेन येथील रंगमंचावर होतो. फ्राबाटो प्रेक्षकांसमोर आपले प्रयोग करून दाखवितो, आणि त्याच्या असामान्य शक्तीची वार्ता एका गुप्त लॉजपर्यंत पोहोचते. फ्रीमेसनांचे नाव धारण करणाऱ्या या लॉजचे सभासद ९९ असून तेथे दरवर्षी सोडत काढून एका सभासदाचा बळी दिला जातो. फ्राबाटो आपल्यात येत नाही असे दिसताच लॉज त्याच्या नाशाचा बेत करते. त्यासाठी दुरून प्राण घेणारे ‘टेपाफोन’ नावाचे एक यंत्रही वापरले जाते. नायक या सर्वांतून निभावतो. पुढे सिद्धांच्या अदृश्य मंडळात त्याला गूढविद्येचे ग्रंथ जगापुढे मांडण्याचे कार्य सोपविले जाते.

रहस्यकथा म्हणून यात वावगे काही नाही. प्रश्न उपस्थित होतो तो पुस्तकाच्या प्रास्ताविकामुळे. पुस्तक प्रत्यक्षात बार्डोन यांनी लिहिलेले नसून त्यांनी सांगितलेल्या आराखड्यावरून त्यांच्या सचिव ओटी वोटाव्होवा यांनी ते पूर्ण केले, तपशील भरण्याचे काम त्यांच्या कल्पनाशक्तीवर सोपविलेले होते, आणि तरीही सर्व काही सत्यावर आधारलेले आहे, असा त्या प्रास्ताविकाचा आशय आहे. म्हणजे आराखडा एकाचा, लेखन दुसऱ्याचे, सत्यतेची ग्वाही तिसऱ्याची, आणि मुखपृष्ठावरील नाव पुन्हा पहिल्याचे. कोणत्या वाक्याची जबाबदारी कोणाची, हे या रचनेत ठरविता येत नाही.

४

भाषेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ऐकीव माहिती आणि स्वतःच्या जबाबदारीवर केलेले विधान यांत भेद करण्याची सोय अनेक भाषांत असते. मराठीत ‘तो दुरून माणूस ओळखतो’ आणि ‘तो दुरून माणूस ओळखतो म्हणे’ ही दोन वाक्ये सारखी नाहीत. ‘म्हणे’ या एका शब्दाने बोलणारा विधानाचा भार स्वतःवरून उतरवून कोणा अनामिकाकडे देतो. जर्मन भाषेत हेच काम क्रियापदाचे रूप करते. ‘एर इस्ट’ म्हणजे ‘तो आहे’. ‘एर झाय’ म्हणजे ‘तो आहे, असे सांगतात’. जर्मन वृत्तपत्रांत व न्यायालयीन वृत्तान्तांत दुसऱ्याचे म्हणणे देताना हे दुसरे रूप नित्य वापरले जाते, आणि वाचकाला हे विधान वार्ताहराचे नव्हे, हे ‘म्हणे’शिवायही कळते.

कादंबरीला या रूपाची गरज नाही. तिचे निवेदन साध्या स्वार्थातील भूतकाळात चालते : नायक उठला, लॉज जमली, सोडत निघाली. येथे निवेदक सर्व काही जाणतो, आणि त्याने कोठून जाणले हे विचारण्याचा संकेत नाही. ‘फ्राबाटो’त हा संकेत जसाच्या तसा पाळलेला आहे, परंतु प्रास्ताविक वाचकाला सांगते की हे घडलेले आहे. परिणामी ज्या मजकुरात प्रत्येक वाक्यानंतर ‘म्हणे’ अपेक्षित होते, तेथून ते सर्व ‘म्हणे’ गळून गेले. कादंबरी म्हटल्याने पुराव्याची मागणी टळली, आणि सत्य म्हटल्याने विश्वास मिळाला.

गूढविद्येवरील इतर कादंबऱ्यांशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. बुल्वर-लिटन यांच्या ‘झानोनी’ (१८४२) या कादंबरीत सांकेतिक लिपीतील हस्तलिखित उलगडून लिहिल्याचा देखावा आहे. परंतु तो देखावा आहे हे वाचक जाणतो. सॉमरसेट मॉम यांच्या ‘द मॅजिशियन’ (१९०८) मधील ऑलिव्हर हॅडो हा अलिस्टर क्रौली यांच्यावरून बेतलेला आहे. पण नाव बदललेले आहे आणि जबाबदारी मॉम यांची आहे. क्रौली यांनी ‘ऑलिव्हर हॅडो’ याच सहीने त्या कादंबरीवर टीकालेख लिहून लेखकाला जाबही विचारला. गुस्टाव्ह मायरिंक यांनी १९२७ च्या कादंबरीत जॉन डी या सोळाव्या शतकातील विद्वानाचे जीवन आणले, तेही स्वतःच्या नावावर. या तिन्ही ठिकाणी जाब विचारावयाचा तर तो कोणाला, हे ठाऊक असते.

५

हर्मेटिक परंपरेला हा प्रश्न नवा नाही. मार्सिलिओ फिचिनो यांनी १४६३ मध्ये हर्मीसच्या नावावरील ग्रीक ग्रंथांचे लॅटिन भाषांतर केले, तेव्हा ते मोझेसच्या काळाइतके प्राचीन मानले जात होते. दीडशे वर्षांनंतर, १६१४ मध्ये, इझाक काझोबों यांनी त्या ग्रंथांची ग्रीक भाषा तपासली. त्यांतील शब्द, शैली व कल्पना ख्रिस्तोत्तर काळातील असल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्यांतील विचारांचे मोल त्यामुळे नाहीसे झाले नाही. पण ते विचार कोणाचे आणि केव्हाचे, हे नीट कळू लागले.

‘फ्राबाटो’च्या बाबतीत अशा तपासणीची निकड अधिक आहे, कारण तेथे प्रश्न प्राचीनतेचा नसून नजीकच्या माणसांचा आहे. पुस्तकाला जोडलेल्या पुरवणी मजकुरात हिटलरचा संबंधही या ९९ जणांच्या लॉजशी लावलेला आहे. अशा लॉजच्या अस्तित्वाला इतिहाससंशोधनात मान्य झालेला पुरावा नाही. याउलट नाझी सत्तेनेच फ्रीमेसनांविरुद्ध कारस्थानाचा प्रचार केला आणि १९३५ पर्यंत जर्मनीतील त्यांच्या लॉज बंद पाडल्या, हे सिद्ध आहे. म्हणजे ज्यांच्यावर आरोप लादला गेला त्यांचेच नाव कादंबरीत पुन्हा खलाला मिळाले. आणि ज्या गुन्ह्यांना नावागावाची माणसे, कचेऱ्या व हुकूम कारणीभूत होते, त्यांचे मूळ एका अदृश्य मंडळात शोधण्याची वाट मोकळी झाली.

दुसरी हानी खुद्द बार्डोन यांची झाली. कथानकात टेपाफोन आहे, ब्रनोचा तुरुंग नाही. चौकशीविना, अनेकदा केवळ आरोपावरून, माणसे कैदेत टाकणाऱ्या राजवटीच्या काळात एक औषधोपचार करणारा गृहस्थ मार्चमध्ये पकडला जातो आणि जुलैत मरण पावतो, ही गोष्ट गूढ नाही. म्हणूनच ती अधिक गंभीर आहे. तिची उत्तरे कागदपत्रांत शोधावी लागतात. शत्रूंवर मात करणाऱ्या अजिंक्य सिद्धाची कथा मनावर ठसल्यानंतर त्या कागदपत्रांची चौकशी करण्याची आवश्यकताच वाचकाला वाटेनाशी होते.

म्हणून अशा पुस्तकाचा अभ्यास करताना त्यातील चमत्कार खरे की खोटे, या वादापासून आरंभ करणे इष्ट नव्हे. प्रथम प्रत्येक विधानाचा वक्ता शोधावा. जेथे तो सापडत नाही, तेथे गळालेले ‘म्हणे’ वाचकाने स्वतः पुन्हा घालून वाचावे. एवढे केले तरी कादंबरीची गोडी उणी होत नाही. मात्र ती बाजूला ठेवल्यावर हाती काय उरते, हे स्पष्ट होते : दोन भाषांच्या एका नगराचे नाव स्वतःच्या नावात वागविणारा एक माणूस, त्याचे तीन ग्रंथ, आणि १० जुलै १९५८ ही तारीख.