वाटेचा हक्क : बॅरिस्टर छागला आणि हेगचे न्यायालय



आजचा विषय बॅरिस्टराचा आहे. बॅरिस्टर म्हटले की काळा झगा, फर्डे इंग्रजी आणि भली मोठी फी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. आपल्यासारख्या खेड्यातल्या माणसाला त्याचे काय, असेही वाटते. म्हणून आधी बांधावर जाऊ या आणि तिथून कोर्टात.

समजा, हिंजवडीच्या शिवारात दोघांची राने आहेत. एकाचे रस्त्याला लागून आहे, दुसऱ्याचे त्याच्या मागे, आत आहे. आज हिंजवडी म्हटले की संगणकाच्या कंपन्यांचे इमले आणि मोटारींची रीघ आठवते. पण मुळशी तालुक्यातले हे मूळचे शेतकऱ्यांचेच गाव. आतल्या रानाचा मालक आजा-पणजापासून पुढच्या रानातून गाडीबैल नेत आला. एके दिवशी पुढच्या मालकाने वाटेत काटेरी कुंपण घातले. आता काय करायचे? वहिवाटीची वाट अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करता येतो. मुळात वाटच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

पण समजा, आतला मालक म्हणाला, "वाट माझ्या हक्काची आहे. मी याच वाटेने चाळीस गडी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन नेणार!" पुढचा मालक काय म्हणेल? "दादा, तू औत ने, गाडी ने, पाहुणेरावळे ने, पण फौज कशी नेशील?"

अगदी असाच तंटा दोन देशांत लागला होता. एकीकडे भारत, दुसरीकडे पोर्तुगाल. आणि तो ऐकायला हॉलंडमधल्या हेग शहरी जे न्यायाधीश बसले, त्यांत मुंबईचे एक बॅरिस्टर होते. त्यांचे नाव महंमदअली करीम छागला.

तंटा असा होता. दमण पोर्तुगीजांचे होते, समुद्रकाठी. दादरा आणि नगर हवेली हे मुलूखही त्यांच्याच ताब्यात होते. पण ते आत, चहूबाजूंनी भारताच्या भूमीने वेढलेले. म्हणजे आतले रान! जुलै १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा मुक्त केले आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासावर तिरंगा फडकला. या लढ्यात महाराष्ट्रातले तरुण होते. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांतलेच. भारत सरकारने पोर्तुगीजांचे शिपाई आपल्या भूमीतून जाऊ दिले नाहीत. तेव्हा पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद गुदरली. म्हणणे असे, की आमची वाट अडवली.

आता या न्यायालयाची एक रीत सांगतो, म्हणजे छागला तिथे कसे पोहोचले ते कळेल. या न्यायालयात निरनिराळ्या देशांचे पंधरा न्यायाधीश असतात. वादी किंवा प्रतिवादी देशाचा माणूस त्यांत नसेल, तर त्या देशाला त्या खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमता येतो. पोर्तुगालने आपला माणूस नेमला, भारताने छागलांना नेमले. भारताची बाजू मांडण्याचे काम अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांच्याकडे होते.

छागलांचीच निवड का झाली? त्यासाठी त्यांची आधीची वाटचाल पाहिली पाहिजे. ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. पुढे विलायतेत ऑक्सफर्डला शिकले. आणि शिक्षक मित्रांनो, ध्यानात घ्या, तिथे ते शिकले इतिहास! कायद्याची सनद त्यांनी लंडनच्या इनर टेंपल या संस्थेतून १९२२ मध्ये घेतली. बॅरिस्टर होण्याची तिथली रीत मोठी गमतीची. परीक्षा तर द्यायचीच, शिवाय संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायलाही बसायचे. जुन्याजाणत्या वकिलांच्या पंक्तीत बसून धंद्याची चालरीत शिकावी, हा त्यातला हेतू. १९६१ च्या अॅडव्होकेट कायद्याने आपल्याकडे सर्व वकील एकाच पायरीवर आणले. आता बॅरिस्टर म्हणून निराळा मान उरला नाही.

मुंबईत परतल्यावर त्यांनी वकिली केली आणि सरकारी लॉ कॉलेजात अध्यापनही केले. १९४१ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९४७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती. सरकार आणि प्रजा यांच्यामधला जो कायदा, म्हणजे राज्यघटना, हक्क, सरकारच्या अधिकाराच्या मर्यादा, तो त्यांच्या हाताखालून सतत गेला. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाच्या पैशांचे मुंदडा प्रकरण उपटले. त्याच्या चौकशीसाठी त्यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. चौकशी त्यांनी बंद दाराआड न करता लोकांसमोर केली आणि अवघ्या काही आठवड्यांत अहवाल दिला. त्या प्रकरणात केंद्राच्या अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारला न भिणारा न्यायाधीश अशी त्यांची ख्याती होती.

आता हेगला परत येऊ या. पोर्तुगालने पुढे केलेला कागद होता पुण्याचा! १७७९ मध्ये पेशवे दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला. सवाई माधवराव तेव्हा लहान होते आणि कारभार नाना फडणीस पाहत. या तहान्वये पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे द्यायची ठरली. मग १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा झाल्या. पोर्तुगाल म्हणे, गावे दिली म्हणजे राज्यच दिले. आणि राज्य दिले म्हणजे तिथवर जायची वाटही दिली. भारत म्हणे, नाही. दिला तो सरंजाम, म्हणजे वसूल खाण्याचा हक्क.

मंडळी, सरंजाम, जहागीर, इनाम हे शब्द आपल्याकडे आजीच्या गोष्टीतही येतात. पण चीनच्या, नॉर्वेच्या किंवा अर्जेंटिनाच्या न्यायाधीशाला त्यांचा अर्थ कसा कळावा? जमीन खाणे निराळे आणि जमिनीचा राजा होणे निराळे, हा फरक ज्याच्या अंगात मुरला आहे असा एक तरी माणूस त्या बाकावर असावा. खटल्यापुरता न्यायाधीश नेमण्याची सोय ठेवली, तिचा खरा उपयोग तो.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. तह खरा, पण त्याने राज्य दिले नाही, सरंजामच दिला, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र पुढे इंग्रजांनी तिथली पोर्तुगीजांची सत्ता मुकाट्याने मान्य केली होती आणि सव्वाशे वर्षे लोकांची ये-जा बिनतक्रार चालली होती. म्हणून साधे नागरिक, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. बांधावरच्या भाषेत, वहिवाट सिद्ध झाली.

पण फौज, हत्यारबंद पोलीस आणि दारूगोळा? यांना इंग्रजांच्या काळीही परवानगी लागत असे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात फौजेबद्दल तसे कलमच होते. ज्याला दर वेळी परवानगी मागावी लागते, तो हक्क कसला? म्हणून असा हक्क नाही, असे ठरले. मते पडली आठ विरुद्ध सात. आणि १९५४ मध्ये भारताने जे केले त्यात त्याने आपले कर्तव्य मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

छागलांनी आपले भिन्नमत स्वतंत्र लिहून जोडले. त्यांच्या मते पोर्तुगालला नागरिकांपुरताही हक्क शाबीत झाला नव्हता.

इथे तुम्ही म्हणाल, आपल्याच देशाने नेमलेला न्यायाधीश आपल्याच बाजूने बोलणार, त्यात नवल ते काय? शंका रास्त आहे. पोर्तुगालच्या न्यायाधीशाचा कौलही पोर्तुगालकडेच होता. शिवाय छागला १९५८ पासून अमेरिकेत भारताचे राजदूत होते आणि राजदूत असतानाच या निकालाला बसले. ही दुहेरी भूमिका खटकावी अशीच आहे. पण जरा हिशोब करा. आठ विरुद्ध सातातून दोन्ही बाजूंची एकेक घरची मते वजा करा. उरतात सात विरुद्ध सहा. निकाल बदलत नाही! दोन्ही देशांनी न नेमलेल्या न्यायाधीशांनीच तो दिला. घरच्या न्यायाधीशाचे काम पारडे झुकवण्याचे नव्हे. पारड्यात काय टाकले आहे ते इतरांना उमजावे, हे ते काम.

पुढे ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगर हवेली रीतसर भारतात सामील झाले. छागला लंडनला उच्चायुक्त, मग केंद्रात शिक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्री झाले. भाषेच्या धोरणावरून पटले नाही, तेव्हा १९६७ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. आणीबाणीविरुद्ध १९७५ मध्ये, पंचाहत्तरी गाठलेली असताना, ते उघड बोलले. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

ही परंपरा तिथेच संपली नाही. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात भारताची बाजू याच न्यायालयात मांडली ती नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी. १७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला. जाधवांना भारतीय वकिलातीची भेट नाकारून पाकिस्तानने करार मोडला, असे पंधरा विरुद्ध एक मतांनी ठरले. विरोधातले ते एक मत पाकिस्तानने नेमलेल्या न्यायाधीशाचे होते. मघाचा हिशोब इथेही आठवा.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारले, "गुरुजी, मला मोठ्या कोर्टात जायचंय, काय शिकू?" तर तिला नुसते कायद्याची कलमे पाठ कर म्हणून सांगू नका. इतिहास शीक म्हणावे. जमले तर मोडी वाचायला शीक. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. गावात बांधाचा तंटा लागला, तर कोण काय म्हणतो, कागद काय म्हणतो आणि वहिवाट काय सांगते, हे कान देऊन ऐक.

आणि शेतकरी बंधुभगिनींनो, तुम्हीही एवढे ध्यानात ठेवा. जुना कागद उंदरांच्या हवाली करू नका. वाट असेल तर तिची नोंद करून घ्या. शेजाऱ्याची वाट अडवू नका आणि वाटेच्या नावाखाली शेजाऱ्याच्या रानात घुसूही नका. हक्क वहिवाटीइतकाच असतो, त्याहून बोटभरही जास्त नाही. हेगच्या पंधरा न्यायाधीशांना चार वर्षांहून अधिक चाललेल्या खटल्यानंतर जे सांगावे लागले, ते आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बांधावर बसल्या बसल्या ठाऊक होते.