रक्षकच जेव्हा त्रासदायक ठरतात

एकाच पंगतीत बसून मासळी खाल्ली, तरी एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. असे का व्हावे?

या प्रश्नाचा पहिला धागा १९२१ साली ब्रेस्लाऊ येथे हाती आला. हाइन्झ क्यूस्टनर यांना मासळी सोसत नसे. कार्ल प्राउस्निट्झ यांनी त्यांचा रक्तरस स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला व दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. लागलीच तेथे गांध उठली. रोगाचे कारण रक्तरसात आहे, हे सिद्ध झाले. परंतु तो घटक कोणता, हे पुढे चार दशकांहून अधिक काळ अज्ञात राहिले.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात डॉक्टरेटसाठी संशोधन करणाऱ्या हान्स बेनिक व गुन्नार योहान्सन यांना अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात ज्ञात वर्गांत न बसणारा प्रतिपिंड आढळला. किरणोत्सर्गी आयोडीनच्या साहाय्याने त्याचे अत्यल्प प्रमाणही मोजता आले, आणि दम्याच्या अनेक रुग्णांत तो वाढलेला असल्याचे १९६७ मध्ये दिसून आले. अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका हे दांपत्यही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत पोहोचले होते. १९६८ मध्ये त्यास ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ हे नाव मिळाले.

प्रतिपिंड हे वस्तुतः शरीराचे रक्षक होत. अॅलर्जीत मात्र परागकण, धूळ किंवा अन्न यांसारख्या निरुपद्रवी पदार्थांविरुद्ध ‘ई’ वर्गाचे प्रतिपिंड तयार होतात व मास्ट पेशींना चिकटून राहतात. तो पदार्थ पुन्हा शरीरात येताच या पेशींतून हिस्टामीन बाहेर पडते. त्यामुळे खाज, शिंका व सूज उद्भवते.

या संशोधनामुळे रक्ततपासणीद्वारे अॅलर्जीच्या कारणाचा शोध घेणे शक्य झाले. तथापि रक्तात असे प्रतिपिंड सापडले म्हणजे रोग आहेच, असे नव्हे. रुग्णाची हकीकत व वैद्यकीय तपासणी यांची जोड आवश्यक असते.

दमा संसर्गजन्य नाही. म्हणून दमेकरी विद्यार्थ्याला वर्गात वेगळे बसविण्याचे कारण नाही. मात्र अन्न, औषध किंवा मधमाशीचा दंश यानंतर ओठ सुजले, श्वास कोंडला वा भोवळ आली, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णास जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. अशा वेळी अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन प्राण वाचवू शकते. ही माहिती शिक्षक व पंचायत सदस्य यांनी गावोगावी पोहोचविणे अगत्याचे आहे.