साठविलेल्या विजेचे माप

हातातील रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब ठेवून ब्रिक्स पाहणे अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊस उत्पादकास नवे नाही. रसातून जाताना प्रकाश किती वाकतो, यावरून ऊस तोडणीस आला की नाही हे ठरते. प्रकाशाच्या साहाय्याने द्रवाचे मोल ठरविण्याची अशीच युक्ती आता विजेच्या साठवणुकीत उपयोगी पडू लागली आहे.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राळेगणसिद्धी येथे २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रारंभ झाला. परंतु सूर्य मावळला तरी विजेची मागणी मावळत नाही. म्हणून साठवण आली. तिच्या साधनांपैकी एक म्हणजे व्हॅनेडियमची फ्लो बॅटरी. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ती विकसित केली. तिच्यात वीज दोन टाक्यांतील द्रावणांत साठते. भारित होताना एकीतील हिरवे द्रावण जांभळे होते, दुसरीतील निळे पिवळे. शिल्लक किती, हे जणू रंगच सांगतो.

मात्र नुसती नजर येथे पुरत नाही. द्रावणे इतकी गडद असतात की, पातळ थरातून प्रकाश सोडून त्याचे शोषण मोजावे लागते. शिवाय निळ्या-पिवळ्या द्रावणात भार आणि शोषण यांचे नाते सरळ नसते. तरीही हा खटाटोप व्यर्थ नव्हे. केवळ व्होल्टेज मोजल्यास दोन्ही टाक्यांचा एकत्रित परिणाम तेवढा कळतो. एक टाकी मागे पडली तरी ते झाकून राहते. दोन्ही द्रावणे स्वतंत्रपणे तपासली, तर असमतोल वेळीच उमगतो. मधल्या पडद्यातून व्हॅनेडियम झिरपल्याने आलेली तूट द्रावणे पुन्हा एकत्र मिसळून बव्हंशी भरून काढता येते.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे काय? विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याच्या या जिल्ह्याला तरी तसे म्हणता येणार नाही. वजनकाट्यावरील विश्वास डळमळला की सहकाराचा पायाच हलतो, हे येथील शेतकरी जाणतो. साठविलेली वीजही उद्या मापानेच विकली जाईल आणि तिचा भार अखेर ग्राहकाच्या बिलावर पडेल. विक्रेत्यानेच मोजावे आणि ग्राहकाने निमूट मान्य करावे, हा व्यवहार न्याय्य नव्हे. म्हणूनच सार्वजनिक पैशातून अशी साठवण घेताना, शिल्लक कशी मोजली जाईल आणि ते माप त्रयस्थाला कसे पडताळता येईल, याची अट करारातच असावी. माल घेतल्यावर काटा शोधणे शहाणपणाचे नव्हे.