खेळाडूचा दम कसा मोजावा?

कल्याणहून कर्जतच्या बाजूस आगगाडी निघाली, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे ओळीने लागतात. येथील कितीतरी मुले-मुली सायंकाळी शुभ्र पोशाख चढवून कराटे, ज्युदो किंवा तायक्वांदो शिकावयास जातात. कमरेच्या पट्ट्याचा रंग बदलला की घरात आनंद होतो, आणि तो व्हावाच. परंतु पट्टा हा डावांच्या ज्ञानाचा दाखला होय. त्या डावांचा भार शरीर किती वेळ सोसेल, हे तो सांगत नाही. ते निराळे मोजावे लागते.

आपल्या तालमींतून हे मोजण्याची जुनी रीत म्हणजे जोर-बैठकांची संख्या. ती टाकाऊ नव्हे. स्नायूंचा चिवटपणा तीवरून कळतो. मात्र मातीतील जुनी कुस्ती पुष्कळ वेळ चाले. आजची गादीवरील कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत आटोपते व मध्ये उसंत मिळते ती अवघ्या अर्ध्या मिनिटाची. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतच वाढले; तरी गादीचे तंत्र आत्मसात करून १९४८ साली लंडनला ते सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. अशा अल्पकालीन झुंजीत बळाइतकेच महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीस येते. ती ही की, धाप लागल्यावर हृदय किती लवकर पूर्वस्थितीवर येते.

हे पाहण्याची एक सोपी कसोटी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघाली. ज्या युद्धात कल्याणजवळ सैनिकांची छावणी वसली व पुढे १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले, तेच हे युद्ध. हार्वर्ड विद्यापीठातील ल्यूसियन ब्रूहा यांनी १९४३ साली ही कसोटी प्रसिद्ध केली. वीस इंच उंचीच्या बाकावर, मिनिटास तीस वेळा या गतीने, पाच मिनिटे चढावे-उतरावे. नंतर स्वस्थ बसून विश्रांतीच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मिनिटाच्या पूर्वार्धात, म्हणजे प्रत्येकी तीस सेकंद, नाडीचे ठोके मोजावे. श्रमाचे सेकंद शंभराने गुणून त्यास तिन्ही आकड्यांच्या बेरजेच्या दुपटीने भागावे. समजा, ठोके ७५, ६५ व ६० भरले, बेरीज २००. तेव्हा ३०,००० भागिले ४००, म्हणजे गुणांक ७५. नव्वदीच्या वरचा उत्तम, ऐंशीच्या वरचा चांगला, पंचावन्नाच्या खालचा कच्चा. हे बाक प्रौढ पुरुषांचे आहे. मुलांस ठेंगणे घ्यावे, आणि हृदयविकार असलेल्याने वैद्याच्या सल्ल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

परंतु बाकावर चढणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला उचलून टाकणे नव्हे. म्हणून पोलंडमधील स्टेरकोविच यांनी १९९५ साली खास ज्युदोची कसोटी मांडली. सहा मीटर अंतरावर दोन जोडीदार उभे करावयाचे. खेळाडूने मधून धावत जाऊन त्यांस आळीपाळीने खांद्यावरून फेकावयाचे. प्रथम पंधरा सेकंद, मग तीस, पुन्हा तीस. मधली विश्रांती दहा सेकंदांची. संपताच व त्यानंतर एका मिनिटाने हृदयाची गती मोजून त्यांची बेरीज एकूण फेकींनी भागावयाची. गती १८० व १५० आणि फेकी २४, तर भागाकार १३.७५. येथे आकडा जितका लहान, तितका खेळाडू तयार.

मोजमापाचे खरे मोल जिवाशी निगडित आहे. हलक्या वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे व घाम गाळणे ही वाईट चाल बहुतेक द्वंद्वक्रीडांत शिरली आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल याच अट्टाहासापायी मृत्यू पावले. त्यानंतर तेथे हंगामापूर्वी लघवी तपासून अंगातील पाणी पाहण्याची, चरबी मोजण्याची व त्यावरून प्रत्येकाचे किमान वजन ठरविण्याची पद्धत आली. मोजण्याची शिस्त आधी असती, तर ते तरुण कदाचित वाचले असते.

तेव्हा आईबापांनी मुलाच्या पट्ट्याबरोबर एक साधी वहीही ठेवावी. सकाळी उठताच नाडीचे ठोके, आठवड्याचे वजन, तीन महिन्यांनी कसोटीचा गुणांक, एवढे तीत असले तरी पुरे. शेजारच्या मुलाशी तुलना नको. कालच्या आकड्याशी आजचा ताडून पाहावा. वजन एकाएकी घटले किंवा सकाळची नाडी नित्यापेक्षा चढीच राहू लागली, तर सराव थांबवून वैद्यास दाखवावे. पदक पुढच्या वर्षीही मिळू शकते.