आठवा माणूस काय करतो?

विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने शाळांतून फिरताना आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते. पाच मुलांच्या गटाला एक प्रकल्प दिला की दोन मुले राबतात, एक जण तक्ते रंगवतो आणि उरलेले दोघे परीक्षक आले की प्रतिकृतीशेजारी उभे राहतात. गुण मात्र पाचही जणांना सारखेच. “ही दोन मुले मुळातच कामचुकार,” असे शिक्षक म्हणतात, आणि तो शिक्का त्या मुलांवर वर्षभर राहतो. या शिक्क्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी आपण शंभराहून अधिक वर्षे जुन्या एका दोरापासून सुरुवात करू.

माक्स रिंगेलमान हे फ्रान्समधील शेतकी अभियंता. माणूस, बैल, घोडा आणि यंत्र यांच्याकडून ओढण्या-ढकलण्याचे काम सर्वांत किफायतशीरपणे कसे करून घेता येईल, हा त्यांचा विषय. मानसशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. १८८२ ते १८८७ या काळात त्यांनी ग्राँ-जुआँ येथील शेतकी शाळेत प्रयोग केले. ते प्रसिद्ध झाले १९१३ साली. एका प्रयोगात त्यांनी पुरुषांना आडवा दोर ओढायला लावला आणि ओढ बलमापकावर मोजली. एकेकट्याने ओढताना माणशी सरासरी ८५.३ किलो ओढ मिळाली. सात जणांनी मिळून ओढताना ती माणशी ६५ किलोवर आली आणि चौदा जणांच्या गटात ६१.४ किलोवर.

त्यांनी एक तक्ताही दिला आहे. एकट्या माणसाची कामगिरी १ धरली, तर दोघांच्या गटात प्रत्येकाची कामगिरी ०.९३, तिघांत ०.८५, चौघांत ०.७७, पाचांत ०.७०, सहांत ०.६३, सातांत ०.५६ आणि आठांत ०.४९. आता आपण थोडा गुणाकार करू. सात जणांचे एकूण काम ७ × ०.५६ म्हणजे ३.९२. आठ जणांचे ८ × ०.४९, म्हणजे तेही ३.९२! आठवा माणूस आला, दोराला हात लावून उभा राहिला आणि एकूण कामात कणभरही भर पडली नाही. मुलांना हा तक्ता फळ्यावर मांडून गुणाकार करायला सांगावा. उत्तर पाहून वर्ग आपोआप बोलू लागतो.

मग आठवा माणूस कामचुकार म्हणायचा का? इथे घाई करू नये. रिंगेलमान यांना स्वतःला मुख्य कारण वेगळे वाटत होते. रस्सीखेच खेळलेल्या कोणालाही ते पटेल. सगळ्यांचा झटका एकाच क्षणी बसत नाही, दिशाही थोडी इकडे-तिकडे होते, आणि एकाचा जोर सुरू होतो तेव्हा दुसऱ्याचा संपलेला असतो. याला आपण ‘मेळाची तूट’ म्हणू. ‘हैश्शा’ची आरोळी ही तूट कमी करण्यासाठीच असते. पण रिंगेलमान यांनी दुसरीही एक गोष्ट नोंदवली आहे. एका पिठाच्या गिरणीचा दांडा कैदी फिरवीत असत. तिथे थोड्याच वेळात प्रत्येक जण शेजारच्याच्या जोरावर विसंबू लागे आणि दांड्याबरोबर नुसता हात फिरवीत राही. ही ‘जोराची तूट’.

दोन्ही तुटींचा परिणाम दिसायला एकच. ओढ कमी भरते. मग त्या वेगळ्या कशा करायच्या? हा प्रश्न साठ वर्षे तसाच राहिला. १९७४ मध्ये अमेरिकेतील ॲलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी त्यावर फार साधी युक्ती काढली. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोराच्या सर्वांत पुढच्या जागी उभे केले. मागे प्रयोगकर्त्यांचीच माणसे होती. ती ओढण्याचे सोंग करीत. दोराला जोर लावीतच नसत. म्हणजे ओढणारा प्रत्यक्षात एकटाच, त्यामुळे मेळ बिघडण्याचा प्रश्नच नाही. तरीही आपल्यामागे आणखी दोघे ओढताहेत असे वाटताच त्याची ओढ सुमारे १५ टक्क्यांनी घटली. मागची माणसे आणखी वाढवली तरी त्यापुढे ती फारशी उतरली नाही. भौतिकशास्त्राच्या माणसाला हेवा वाटावा इतकी ही मांडणी स्वच्छ आहे.

१९७९ मध्ये बिब लताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी दोराऐवजी आवाज घेतला. विद्यार्थ्यांना शक्य तितके मोठ्याने ओरडायला सांगितले. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन आणि त्यांत गोंगाट, त्यामुळे शेजारी खरोखर ओरडतो आहे की नाही ते कळू नये. दोघांच्या खऱ्या गटात प्रत्येकाचा आवाज एकट्याच्या तुलनेत ६६ टक्के भरला, तर सहा जणांच्या गटात ३६ टक्के. आपल्याबरोबर इतर ओरडत आहेत असा नुसता समज करून दिला तेव्हा हे आकडे ८२ आणि ७४ टक्के आले. सहा जणांचा हिशेब पाहा. १०० पैकी ६४ हरवले. त्यांतील २६ केवळ ‘आपण सहा आहोत’ या समजुतीपायी, म्हणजे जोराच्या तुटीत गेले. बाकीचे ३८ मेळाच्या तुटीत. ध्वनिलहरींचे उंचवटे आणि खळगे एकमेकांवर नेमके बसत नाहीत, हेही त्यात आले. या संशोधकांनी जोराच्या तुटीला ‘सोशल लोफिंग’ असे नाव दिले. आपण त्याला ‘गर्दीतली ढिलाई’ म्हणू.

अकबर-बिरबलाच्या गोष्टीत हौद दुधाने भरायचा असतो, प्रत्येक जण अंधारात तांब्याभर पाणी ओततो आणि सकाळी हौदात पाणीच सापडते. गोष्ट छान आहे, पण त्या लोकांनी जाणूनबुजून लबाडी केलेली असते. गर्दीतल्या ढिलाईत अनेकदा तसे नसते. आपण जोर कमी लावला याची माणसाला पुष्कळदा जाणीवच नसते, निदान ते तो कबूल करत नाही. आणि तोच माणूस एकटा ओढताना पूर्ण जोर लावतो! स्वभावच कामचुकार असता तर एकट्याची ओढही कमी भरायला हवी होती. तेव्हा दोष शोधायचा तो आधी कामाच्या मांडणीत.

मांडणीत नेमके काय बदलायचे, याचे एक उत्तर याच संशोधकांनी १९८१ मध्ये दिले. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातो आहे असे सांगताच गटातली ढिलाई जवळजवळ नाहीशी झाली.

आमच्या प्रयोगशाळेतही हे आम्ही महागात शिकलो. निर्वात पंपाचे तेल ठरावीक तासांनी बदलावे लागते. “तेल सर्वांनी पाहावे” अशी पाटी पंपावर होती. वापरणारे पाच जण होतो, पाचही जण विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले. एके दिवशी पंप अडकून बंद पडला, तेव्हा तेल डांबरासारखे झाले होते. शेवटी कोणी पाहिले होते, ते कोणालाच आठवेना. आता तिथे एक पुठ्ठा लटकतो. त्यावर त्या महिन्याच्या माणसाचे नाव आणि तेल पाहिल्याच्या तारखा असतात. त्यानंतर पंप त्या कारणाने बंद पडलेला नाही.

मग सतत डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी का? नाही, इथे पुढाऱ्याचा प्रश्न येतो. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांची हस्तव्यवसाय मंडळे चालवली. काही मंडळांत मोठा माणूस हुकूम सोडी. काहींत तो मुलांबरोबर चर्चा करून काम ठरवी, तर काहींत मुलांना मोकळे सोडून देई. हुकमाखाली मुकाट वागणाऱ्या गटांत मुले ७४ टक्के वेळ कामात असत. पण पुढारी खोलीबाहेर गेला की हा आकडा २९ वर येई. चर्चेने काम ठरवणाऱ्या गटांत तो आधी ५० आणि नंतर ४६. मोकळ्या सोडलेल्या गटांत पुढारी समोर असतानाही ३३. वर्गाबाहेर गेलेल्या कोणत्याही शिक्षकाला हे आकडे ओळखीचे वाटतील. आमच्या मते ७४ आणि ५० यांच्या तुलनेपेक्षा २९ आणि ४६ यांची तुलना महत्त्वाची आहे, कारण प्रकल्प हा घरी, शिक्षकाच्या पाठीमागेच होतो.

ढिलाई सगळीकडे सारखी नसते, हेही सांगायला हवे. १९९३ मध्ये स्टीव्हन कराऊ आणि विल्यम्स यांनी ७८ अभ्यास एकत्र तपासले. काम अर्थपूर्ण वाटत असेल, गटातली माणसे आपली असतील किंवा आपला वाटा दुसरे कोणी उचलू शकणार नाही असे वाटत असेल, तर ढिलाई कमी होते. पूर्व आशियातील देशांत ती पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळली. त्यावरून आपल्याकडे काय होईल असे कोणी विचारले, तर मोजून पाहणे हेच उत्तर. ते वर्गात करता येते, खर्च शून्य.

वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करा. पहिल्या फेरीत दोघांनाही एकच प्रश्न द्या: विटेचे किती उपयोग सुचतात? पाच मिनिटे, एका चिठ्ठीवर एक उपयोग. पहिल्या भागातील मुलांनी चिठ्ठ्या नाव न घालता एकाच खोक्यात टाकायच्या. दुसऱ्या भागातील प्रत्येकाने हजेरी क्रमांक घातलेल्या स्वतःच्या पाकिटात. दुसऱ्या फेरीत प्रश्न रद्दी कागदाचा, आणि खोके-पाकिटांची अदलाबदल. मग दोन्ही फेऱ्यांतील खोक्यांची बेरीज आणि पाकिटांची बेरीज यांची तुलना करा. अदलाबदल केल्यामुळे हुशार मुले एका बाजूला गेल्याचा किंवा पहिल्या फेरीत हात बसल्याचा परिणाम बराचसा छाटला जातो. तो कसा, हे वरच्या वर्गातील मुलांनाच शोधू द्यावे. हेतू आधी सांगू नये, नंतर मात्र सर्व सांगावे, आणि कोणाच्या पाकिटात किती चिठ्ठ्या निघाल्या ते वर्गात वाचू नये. एका वर्गात फरक दिसला नाही तर निराश होऊ नका. चाळीस मुलांची संख्या लहान असते, आणि नव्या खेळाच्या उत्साहात खोकेही भरून वाहू शकते. दोन-तीन आठवड्यांनी, खेळ जुना झाल्यावर, नवे प्रश्न घेऊन पुन्हा मोजावे.